खिडकीतली मोहरी

संध्याकाळी सातला आम्ही जे खातो
त्याला आमच्याकडे 'अकरा' म्हणतात.
का, ते कुणी विचारत नाही. केटल ठेवतात.

आधी पाव.
कोपऱ्यावरच्या बेकरीतला, चार बोटांचा मर्राकेता.
मोडतानाच आवाजावरून कळतं आजचा की कालचा.
कालचा असला तर बरंच,
तव्यावर पालथा घालते, वर खलाचं वजन,
कडा करपेपर्यंत हलवत नाही.

मग पाल्ता.
जहाजात चढली की तिला अॅव्होकॅडो म्हणतात.
कियोताच्या बाजारात तसं म्हणालात
तर भाव दुप्पट होईल, आणि तुमच्या पाठीमागे हसतील.

एलिओदोरो एकतीस वर्षं पॅकिंगच्या शेडमध्ये उभा होता.
पट्ट्यावरून फळं सरकत यायची,
तो अंगठा देठाशी टेकवायचा, दाबायचा नाही,
मग नाकाशी नेऊन डोळे मिटायचा:
ही शुक्रवारी. ही समुद्रात पिकेल.
ही खोटी.
नवी पोरं तोंड उघडं टाकून बघायची.
खोटी म्हणजे काय, ते मीही कधी विचारलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला.
ताप गेला, पण एकटा गेला नाही.
कॉफी म्हणजे गरम पाणी.
करपलेलं दूध: काही नाही.
भिजलेलं कुत्रं: काही नाही.
रात्री माझ्या मानेशी नाक आणायचा
आणि तसाच कूस बदलायचा.
जेवण म्हणजे चघळणं, एवढंच उरलं.

शेजारची यारित्सा शेतकीचं शिकते.
तीच म्हणाली, तिखट ही चव नसतेच, नोल्फा मावशी,
तो स्पर्श असतो. नाकाच्या आत जाऊन केलेला.
आणि ओंजळभर मोहरी देऊन गेली, थोडं मुळ्याचं बी.

पहिला ट्रे बुरशीने खाल्ला.
दुसऱ्यात मांजर झोपलं.
तिसरा स्ट्रॉबेरीच्या डब्यात, ओल्या कापडावर,
तीन दिवस अंधारात, मग खिडकीत.
भाजी धुतलेलं पाणी राखून ठेवायचे त्याच्यासाठी.
आमच्या नळाला मंगळवार आणि शुक्रवार,
टेकडीवरच्या बागेला रोज.
ह्यावर आम्ही खाताना बोलत नाही.

नवव्या दिवशी मिशी कातरायच्या कात्रीने
मूठभर कापलं. जांभळ्या देठांचं, सुईएवढं.
पाल्ता काट्याने चेचली, मीठ, लिंबू,
गरम पावावर जाडसर थापली,
वर हे गवत, अस्ताव्यस्त,
पाखराने घरटं करायला घेऊन अर्धवट सोडल्यासारखं.

तो चावला. कुरकुर ऐकू आली, इकडे, मला.
चावत राहिला.
मी कपात साखर ढवळत होते, आधीच ढवळलेली.
मग त्याची भुवई वर गेली,
हात टेबलावर आपटला,
डोळ्यांतून घळाघळा पाणी.
"डावीकडे," म्हणाला, नाकपुडीवर बोट ठेवून.
"डावीकडे कुणीतरी आहे."

दुसरा पाव स्वतःच मागितला.
टोपलीतली पाल्ता उचलली, अंगठा देठाशी,
माझ्या हातात दिली: "ही नको. खोटी आहे."
बाहेरून इतकी देखणी होती.
कापली. आत काळे दोरेच दोरे,
जुन्या गादीतल्या सुतासारखे.

म्हटलं, वास न घेता कळलं कसं?
तो कागदी रुमालात नाक शिंकरत होता.
म्हणाला, वासाने कधीच कळत नव्हतं गं.
ते पोरांसाठी होतं. पगार कमी,
थोडं नाटक लागायचं.

एकतीस वर्षं.
मी उरलेली मोहरी सगळी त्याच्या पावावर घातली,
जरा रागानेच.
पुन्हा पाणी. पुन्हा टेबलावर हात.

वास आलेला नाही अजून. येईल असं डॉक्टरही म्हणत नाही.
चौथा ट्रे कपाटाखाली ठेवलाय, कापड घालून.
आज सोमवार.